फ्रेम कोणाच्या ताब्यात? : लिनक्स कर्नलमधील व्हिडिओ बफरांची व्यवस्था

फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे १९२० बाय १०८० बिंदू. प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागणाऱ्या वाययूवायव्ही मांडणीत ती ४१,४७,२०० बाइट जागा घेते. सेकंदाला अशा ३० फ्रेम येऊ लागल्या की दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख बाइटांचा ओघ सुरू होतो आणि कॅमेरा बंद होईपर्यंत तो चालूच राहतो. दोन फ्रेमच्या मध्ये जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात आधीच्या फ्रेमची सोय लागली नाही, तर पुढची ठेवायला जागा नसते. सेन्सर कोणासाठी खोळंबत नाही. फ्रेम मेमरीतल्या ज्या तुकड्यावर उतरते तो बफर. असे तुकडे कोठून आणायचे, किती आणायचे, कोणत्या क्षणी कोणाच्या हाती द्यायचे आणि काम संपल्यावर सुखरूप परत कसे घ्यायचे, हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, व्हिडिओ ड्रायव्हरला करावे लागते. लिनक्स कर्नलचा सगळा कोड खुला आहे. तेथे हा प्रश्न कसा सुटत गेला, कोठे अडला आणि कोठे चुकला हे ओळीओळीने तपासता येते. म्हणून पुढील विवेचन लिनक्सला धरून आहे.

पहिला नियम असा की फ्रेमची नक्कल करायची नाही. उपकरण प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिते. या पद्धतीला डीएमए म्हणतात. उपकरणाने लिहिलेली फ्रेम प्रोसेसरने एकदा जरी दुसऱ्या जागी उतरवून घेतली, तरी मेमरीवरचा भार तिप्पट होतो: उपकरणाचे एक लेखन, प्रोसेसरचे एक वाचन आणि पुन्हा एक लेखन. मोबाइलसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात हा भार परवडणारा नाही. तेव्हा डेटा जागेवरच ठेवायचा आणि हलवायचा तो फक्त त्यावरचा ताबा. उपकरण लिहून मोकळे झाले की तोच तुकडा ॲप्लिकेशनने वाचायचा आणि वाचून झाला की तो उपकरणाकडे परत जायचा. बफर-व्यवस्थापनाचा सगळा गाभा या ताब्यात आहे. कोणत्याही क्षणी प्रत्येक बफराचा धनी एकच असला पाहिजे आणि तो कोण हे सर्वांना ठाऊक असले पाहिजे. या क्षेत्रातल्या बहुतेक अवघड चुकांच्या मुळाशी गेले, की तेथे एकाच तुकड्याचे दोन धनी सापडतात, किंवा एकही सापडत नाही.

लिनक्समध्ये व्हिडिओ उपकरणांशी बोलण्याची जी प्रमाण पद्धत आहे तिला व्हिडिओ फॉर लिनक्स टू, थोडक्यात व्ही-फोर-एल-टू, म्हणतात. तिच्यात हा ताबा दोन आज्ञांनी बदलतो. क्यूबफ ही आज्ञा रिकामा बफर ड्रायव्हरच्या रांगेत लावते; डीक्यूबफ ही आज्ञा भरलेला बफर रांगेतून काढून ॲप्लिकेशनच्या हाती देते. आरेच्या दूधकेंद्रावर रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची जी रीत होती, तोच हा व्यवहार: बाटल्या ठरावीक, आणि रिकामी परत केल्याशिवाय पुढची मिळायची नाही. या दोन आज्ञांच्या आधी रेक्बफ्सने किती बफर हवेत ते सांगायचे आणि स्ट्रीमऑनने ओघ सुरू करायचा. शेवटी स्ट्रीमऑफने तो थांबवायचा.

बफर किती असावेत, याला एक ठरलेले उत्तर नाही. एकच असेल तर ॲप्लिकेशन तो वाचत असताना येणारी प्रत्येक फ्रेम वाया जाते. दोन असले तर काम कसेबसे भागते. तीन-चार असले म्हणजे एक उपकरणाकडे, एक त्याच्यामागे तयार, एक भरून वाट पाहणारा आणि एक वाचकाच्या हाती, अशी सुटसुटीत वाटणी होते. त्याहून वाढवले तर अडखळणाऱ्या ॲप्लिकेशनला सांभाळून घेता येते; पण रांगेत फ्रेम साचू लागल्या की पडद्यावरचे चित्र प्रत्यक्षापेक्षा तेवढेच मागे राहते. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यात हा उशीर घातक ठरतो, तर लग्नाच्या चित्रीकरणात त्याने काही बिघडत नाही. रांग रिकामी पडून एखादी फ्रेम गळालीच, तर ते लपून राहू नये म्हणून प्रत्येक बफरावर अनुक्रमांक आणि वेळेची नोंद असते. ४१ नंतर थेट ४३ आला, तर ४२ क्रमांकाची फ्रेम कोठे गेली याचा शोध घेण्याची जबाबदारी ॲप्लिकेशनची.

आता मेमरीकडे वळायचे. प्रोग्रामला दिसणारी मेमरी सलग असते, पण ती तशी भासते एवढेच. प्रत्यक्षात ती साधारणपणे ४,०९६ बाइटांच्या पानांनी बनलेली असते आणि ही पाने चिपवर कोठेही विखुरलेली असू शकतात. वर सांगितलेली फ्रेम अशा १,०१३ पानांवर पसरते. प्रोसेसरला त्याने फरक पडत नाही, कारण पत्ते जुळवणारी यंत्रणा त्याच्याजवळ असते. उपकरणाजवळ ती असेलच असे नाही, आणि येथून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट यूएसबी वेबकॅमची. तेथे डेटा छोट्या पाकिटांतून येतो आणि पाकिटांची शीर्षके काढून फ्रेम जोडण्याचे काम प्रोसेसरच करतो. त्यामुळे भासमान सलग मेमरी पुरते. एक नक्कल तेथे पत्करावीच लागते. दुसरी वाट पीसीआय कार्डांची. टीव्ही ट्यूनर कार्डांवर एकेकाळी सर्रास आढळणाऱ्या बीटी८४८ आणि बीटी८७८ या चिपा याचे फार चांगले उदाहरण आहेत. त्यांच्यात एक लहानसा आदेश-पालक बसवलेला होता. ड्रायव्हर मेमरीत आदेशांची एक यादी लिहून ठेवी: या ओळीचे इतके बाइट या पत्त्यावर, उरलेले त्या पत्त्यावर, फ्रेम संपली की इंटरप्ट दे, म्हणजे प्रोसेसरला तसे कळव. चिप ती यादी वाचत पाने भरत जाई. पाने विखुरलेली आहेत ही अडचण त्या यादीतच जिरून जाई. विखुरलेल्या पानांवर डीएमए करणाऱ्या अशा उपकरणांसाठी कर्नलमध्ये पानांची यादी बाळगणारा वेगळा मेमरी-पुरवठादार आहे.

तिसरी वाट मोबाइल आणि लहान बोर्डांवरच्या चिपांची, आणि तीच सर्वांत खडतर. तेथील अनेक कॅमेरे आणि डिकोडर यांना एकच सुरुवातीचा पत्ता देता येतो. पुढचे सगळे सलग हवे. कर्नलचे नेहमीचे मेमरी-वाटप दोनाच्या घातांच्या गठ्ठ्यांत चालते आणि ४,०९६ बाइटांचे पान असलेल्या यंत्रावर सर्वांत मोठा गठ्ठा साधारणपणे १,०२४ पानांचा, म्हणजे ४१,९४,३०४ बाइटांचा असतो. फुल एचडीची फ्रेम त्यात अगदी काठोकाठ मावते. ३८४० बाय २१६० बिंदूंची फोर-के फ्रेम एनव्ही१२ या आटोपशीर मांडणीतही १,२४,४१,६०० बाइट मागते. ती त्यात मावायचा प्रश्नच येत नाही. शिवाय जो मोठा गठ्ठा यंत्र सुरू होताना सहज मिळतो, तोच दोन दिवसांच्या वापरानंतर मिळत नाही, कारण तोवर मोकळी पाने सर्वत्र विखुरलेली असतात. एकूण मोकळी मेमरी भरपूर, पण सलग तुकडा नाही, अशी ही अवस्था.

यावर सुरुवातीचा उपाय रांगडा होता: यंत्र चालू होतानाच मेमरीचा एक भाग कर्नलपासून लपवून कॅमेऱ्यासाठी राखून ठेवायचा. कॅमेरा दिवसातून पाच मिनिटे वापरला, तरी ती मेमरी चोवीस तास अडकून पडायची. २०१२ मध्ये कर्नलच्या ३.५ आवृत्तीत सीएमए ही सलग मेमरी पुरवणारी व्यवस्था आली, तेव्हा ही उधळपट्टी थांबली. सीएमए एक मोठा सलग पट्टा आखून ठेवते. पण कॅमेरा बंद असताना त्या पट्ट्यात दुसरीकडे हलवता येतील अशीच पाने राहू देते. उपकरणाने मागणी केली की ती पाने हलवून जागा मोकळी केली जाते. कल्पना सोपी वाटते, पण ती चालण्यासाठी त्या पट्ट्यात न हलणारे एकही पान शिरता कामा नये, आणि हे सांभाळणे कर्नलच्या मेमरी-विभागाला बरीच वर्षे पुरलेले काम आहे. ज्या चिपांमध्ये उपकरणांसाठीही पत्ते जुळवणारी यंत्रणा, म्हणजे आयओएमएमयू, असते, तेथे ही अडचण बव्हंशी सुटते: विखुरलेली पाने उपकरणाला सलग दिसतात.

मेमरी मिळाली तरी ती उपकरणाला आणि प्रोसेसरला सारखी दिसतेच असे नाही. प्रोसेसर मेमरीतला मजकूर आपल्या कॅशेत साधारणपणे ६४ बाइटांच्या ओळींनी आणून ठेवतो. उपकरणाने दरम्यान मूळ जागी नवी फ्रेम लिहिली आणि कॅशेतली जुनी ओळ तशीच राहिली, तर प्रोसेसर शिळा मजकूर वाचतो. नेहमीच्या पीसीवर हार्डवेअरच हे सांभाळते. एआरएम चिपांच्या मोठ्या वर्गात ते ड्रायव्हरच्या बाजूने, कर्नलच्या मदतीने, सांभाळावे लागते. चुकले तर त्याची खूण ओळखू येण्यासारखी असते: ६४ बाइट म्हणजे वाययूवायव्हीचे ३२ बिंदू, तेव्हा चित्रात कोठेकोठे ३२ बिंदू लांबीचे, एकाच ओळीच्या जाडीचे आडवे तुकडे मागच्या फ्रेममधले दिसतात. हलणाऱ्या हाताच्या कडेला ते पहिल्यांदा नजरेस येतात आणि पुढच्या फ्रेमला जागा बदलतात. म्हणून ताबा उपकरणाकडे देण्याआधी आणि परत घेतल्यानंतर कॅशेची साफसफाई ठरलेल्या क्रमाने व्हावी लागते. बफराला कॅशेच नको म्हणणे हा दुसरा मार्ग. त्यात चूक होत नाही, पण प्रोसेसरने अशी फ्रेम वाचायला घेतली की वाचन कमालीचे मंदावते. लहान बोर्डावर कॅमेऱ्याचे चित्र झकास दिसते, मात्र त्याच फ्रेमवर चेहरा ओळखणारा प्रोग्राम चालवला की सगळे रखडते, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

बफराची मेमरी आणायची कोणी, याचीही तीन उत्तरे आहेत. एममॅप पद्धतीत ती ड्रायव्हर आणतो आणि ॲप्लिकेशन तिच्यावर आपली खिडकी उघडते. उपकरणाला काय चालते हे ड्रायव्हरलाच ठाऊक असल्याने ही पद्धत सर्वांत भरवशाची. युजरपॉइंटर पद्धतीत ॲप्लिकेशन स्वतःची मेमरी पुढे करते आणि येथे उपकरणाने लिहावे असे सांगते. ऐकायला हे सोयीचे वाटते, व्यवहारात मात्र ते काटेरी आहे. ती पाने उपकरणाचे काम संपेपर्यंत जागेवर खिळवून ठेवावी लागतात. ती सलग असण्याची हमी नसते, त्यामुळे आयओएमएमयू नसलेल्या चिपवर मागणी फेटाळली जाते. बफराची सुरुवात वा शेवट कॅशेच्या ओळीच्या मधोमध पडला, तर त्याच ओळीत शेजारच्या एखाद्या चलाची किंमत असू शकते आणि कॅशेच्या साफसफाईत तिचा बळी जातो. प्रोग्रामने मध्येच स्वतःची दुसरी प्रत काढली, तर कोणते पान कोणाचे याचाच घोळ होतो. सलग मेमरी लागणाऱ्या उपकरणाच्या नव्या ड्रायव्हरने ही पद्धत देऊच नये, हे मत योग्य आहे. तिसरी पद्धत डीएमए-बफची. तिच्याकडे पुढे सविस्तर येता येईल.

ही सगळी कामे प्रत्येक ड्रायव्हरने आपापली केली तर काय होते, याचा अनुभव लिनक्सने पहिल्या काळात घेतला. व्ही-फोर-एल-टू २००२ मध्ये २.५ या विकास-मालिकेत कर्नलमध्ये दाखल झाले. बीटी८४८च्या ड्रायव्हरवर काम करणाऱ्या गेर्ड क्नोर यांनी बफरांचा सामाईक भाग वेगळा काढला आणि त्यातून व्हिडिओबफ हे ग्रंथालय उभे राहिले. त्याने अनेक ड्रायव्हरांचे श्रम वाचवले. पण त्याचा पिंड पीसीमधल्या टीव्ही कार्डांचा होता. मेमरी केव्हा घ्यायची आणि केव्हा सोडायची याचे त्याचे ठोकताळे प्रमाण नियमांशी जुळत नव्हते. कॅशेच्या साफसफाईला त्यात नीट जागा नव्हती. ग्रंथालयाचे आणि ड्रायव्हरचे कुलूप एकमेकांत गुंतलेले होते. मोबाइल चिपा आल्यावर हे सगळे उघडे पडले. सॅमसंगमध्ये काम करणारे पावेल ओसियाक आणि मारेक शिप्रोव्स्की यांनी ते नव्याने लिहिले आणि व्हिडिओबफ२ या नावाने ते २०११ मध्ये कर्नलच्या २.६.३९ आवृत्तीत आले. जुन्या ग्रंथालयावरचा शेवटचा ड्रायव्हर नव्याकडे वळवून जुने काढून टाकायला मात्र २०२३ साल उजाडले. चालत्या व्यवस्थेतली जुनी सवय मोडायला किती वेळ लागतो ते यावरून कळते.

व्हिडिओबफ२चे मोठेपण त्याने केलेल्या विभागणीत आहे. रांग आणि ताबा यांचा हिशोब गाभा ठेवतो. मेमरी आणणे, खिडकी उघडणे, कॅशे साफ करणे हे मेमरी-पुरवठादाराकडे. तो वर सांगितलेल्या तीन वाटांपैकी उपकरणाला जुळेल तो निवडायचा. ड्रायव्हरकडे उरतात ती फक्त त्याच्या उपकरणाची कामे, आणि ती मोजक्या फंक्शनांत भरून द्यायची. क्यू-सेटअपमध्ये तो सांगतो की बफर किती आणि केवढे हवेत. बफ-प्रिपेअरमध्ये तो तपासतो की पुढे आलेला बफर फ्रेमला पुरेल का. ही तपासणी वगळणे म्हणजे उपकरणाला दुसऱ्याच्या मेमरीत लिहू देणे होय. बफ-क्यूमध्ये बफर त्याच्या ताब्यात येतो. स्टार्ट-स्ट्रीमिंग आणि स्टॉप-स्ट्रीमिंग ही दोन फंक्शने ओघ सुरू आणि बंद करतात. प्रत्येक बफराची अवस्था गाभ्याकडे नोंदलेली असते: ॲप्लिकेशनकडे, तयारीत, रांगेत, ड्रायव्हरच्या हाती, पूर्ण, सदोष.

फ्रेम पुरी झाल्याचा इंटरप्ट येतो तो क्षण जवळून पाहण्याजोगा आहे. इंटरप्ट हाताळणारे फंक्शन स्पिनलॉक हे कुलूप घेते, हाती असलेल्या बफरांच्या यादीतला पहिला बफर काढते, त्यावर घड्याळाची वेळ आणि अनुक्रमांक लिहिते, पुढच्या बफराचा पत्ता हार्डवेअरच्या रजिस्टरात भरते आणि बफर-डन म्हणून पहिला गाभ्याला सुपूर्द करते. डीक्यूबफवर झोपलेले ॲप्लिकेशन तेव्हा जागे होते. पण यादीत पुढचा बफरच नसेल तर? उपकरण थांबत नाही. ते जुन्याच पत्त्यावर पुढची फ्रेम लिहू लागेल आणि तो बफर तर नुकताच ॲप्लिकेशनला दिलेला. चित्र मध्येच फाटलेले दिसते, वरचा अर्धा भाग नव्या फ्रेमचा आणि खालचा जुन्या फ्रेमचा. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेला ड्रायव्हर शेवटचा बफर हातचा सोडत नाही. पुढचा मिळेपर्यंत उपकरणाला त्यावरच पुन्हा लिहू देतो. काही ड्रायव्हर यासाठी एक फेकायचा बफर वेगळा राखतात. अनेक चिपांत रजिस्टरातला नवा पत्ता पुढच्या फ्रेमच्या आरंभीच लागू होतो. त्यामुळे आत्ता भरलेला पत्ता कोणत्या फ्रेमला लागेल, हे चिपच्या पुस्तिकेतून समजून घेतल्याशिवाय हा कोड बरोबर लिहिताच येत नाही.

ओघ सुरू करण्यापेक्षा थांबवणे अवघड, आणि या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. स्टॉप-स्ट्रीमिंगमधून परतण्यापूर्वी ड्रायव्हरने दोन गोष्टी केल्या पाहिजेत: उपकरण खरोखरच लिहायचे थांबले याची खात्री, आणि हाती असलेला प्रत्येक बफर गाभ्याला परत. स्टार्ट-स्ट्रीमिंग मध्येच फसले तरी मिळालेले बफर रांगेच्या अवस्थेत परत करायचे असतात. एखादा राहून गेला तर गाभा कर्नलच्या नोंदीत ठसठशीत इशारा छापतो आणि तो स्वतःच परत घेतो. थांबण्याचा आदेश रजिस्टरात लिहिला म्हणजे उपकरण थांबले असे मात्र नाही; पुष्कळ चिपा चालू फ्रेम पुरी करूनच थांबतात. तेवढ्यात मेमरी मोकळी होऊन दुसऱ्या कोणाला दिली गेली, तर कॅमेऱ्यातले चित्र त्या दुसऱ्याच्या डेटावर उमटते. हा दोष महिनोन्महिने सापडत नाही, कारण कोसळतो तो भलताच प्रोग्राम.

थांबवण्यातल्या चुकीचे सर्वांत बोलके उदाहरण विविड या ड्रायव्हरचे आहे. विविड खोटा कॅमेरा तयार करतो. ॲप्लिकेशने आणि खुद्द गाभा तपासण्यासाठी तो लिहिला गेला आणि २०१४ मध्ये ३.१८ आवृत्तीत आला. हार्डवेअर नसल्याने फ्रेम रंगवण्याचे काम कर्नलमधला एक थ्रेड करतो आणि प्रत्येक फेरीला तो ड्रायव्हरचे म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप, घेतो. ओघ थांबवणारे फंक्शनही त्याच म्युटेक्ससह चालत असे. थ्रेड संपण्याची वाट पाहायची, पण थ्रेडला संपायला म्युटेक्स हवे, अशी कोंडी होऊ नये म्हणून ते फंक्शन आधी बफरांची यादी रिकामी करी, मग म्युटेक्स सोडी, थ्रेड संपण्याची वाट पाही आणि पुन्हा म्युटेक्स घेई. दिसायला हे निर्दोष होते. पण त्या मोकळ्या फटीत म्युटेक्स थ्रेडलाच मिळेल याची हमी कोणी दिली होती? दुसऱ्या एखाद्या वाचकाने ते पटकावले, तर तो नुकत्याच रिकाम्या केलेल्या यादीत नवा बफर घालू शके. पुढे त्या बफराची मेमरी मोकळी होई, यादीत त्याचा पत्ता मात्र तसाच राही, आणि पुढच्या वेळी ओघ सुरू झाला की कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीला हात घाली. अलेक्झांडर पोपोव्ह या सुरक्षा-संशोधकाने २०१९ मध्ये हे शोधले आणि या फटीतून सामान्य वापरकर्ता यंत्राचा सर्वाधिकार मिळवू शकतो हे करून दाखवले. हा दोष सीव्हीई-२०१९-१८६८३ या क्रमांकाने नोंदला गेला. दुरुस्ती लहानशी होती: थांबवताना म्युटेक्स सोडायचेच नाही, त्याऐवजी थ्रेडने ते मिळते का एवढेच पाहायचे, नाही मिळाले तर क्षणभर थांबून आपल्याला संपायला सांगितले आहे का ते तपासायचे. पाच वर्षे हा दोष अनेक लोकप्रिय लिनक्स वितरणांसोबत मॉड्यूलच्या रूपात जगभर पोचत होता. बफराचे दोन धनी, एक यादी आणि एक मेमरी-विभाग, यांच्यात क्षणभराची विसंगती होती. बाकी सगळा कोड ठीक होता.

आतापर्यंत बफर एका उपकरणात आणि एका ॲप्लिकेशनात फिरत होता. मोबाइलवर चित्रीकरण चालू असताना तीच फ्रेम कॅमेरा लिहितो, ग्राफिक्सचा प्रोसेसर तिच्यावर रंगसंस्कार करतो, एन्कोडर ती दाबून फाइलीत घालतो आणि डिस्प्ले ती पडद्यावर दाखवतो. चार उपकरणे, चार ड्रायव्हर, आणि प्रत्येकाची बफरांची स्वतंत्र व्यवस्था. प्रत्येक सीमेवर नक्कल करायची की काय? चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी यावर आपापले तोडगे काढले आणि ते एकमेकांशी जुळेनात. लिनारो या संस्थेच्या गटात काम करणाऱ्या सुमित सेमवाल यांच्या पुढाकाराने यावर डीएमए-बफ ही सामाईक व्यवस्था झाली आणि २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत ती मुख्य कर्नलमध्ये आली. २०१३ मध्ये ३.८ पासून व्ही-फोर-एल-टूलाही असे बफर घेता-देता येऊ लागले.

डीएमए-बफने बफराला साधा फाइल क्रमांक दिला. युनिक्सच्या परंपरेतला हा फार समर्पक निर्णय आहे. फाइल क्रमांक एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे सुरक्षितपणे पाठवता येतो, शेवटचा वापरकर्ता तो बंद करीपर्यंत मेमरी टिकते, आणि ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याला त्या फ्रेमला हात लावता येत नाही. बफर देणारा ड्रायव्हर तो निर्यात करतो. घेणारे ड्रायव्हर त्याला आपले उपकरण जोडतात आणि आपल्या बाजूचे पत्ते मागून घेतात. सगळी उपकरणे जोडली गेल्यावरच मेमरी प्रत्यक्ष आणायची मुभा निर्यात करणाऱ्याला आहे. त्यामुळे सर्वांत हट्टी उपकरणाची अट आधी कळू शकते. प्रत्यक्षात बहुतेक ड्रायव्हर मेमरी आधीच आणून बसलेले असतात, आणि ही मुभा बव्हंशी कागदावरच राहिली आहे. अँड्रॉइडने आयन नावाची आपली वेगळी व्यवस्था बरीच वर्षे चालवली. २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत डीएमए-बफ हीप आल्यावर तिचे काम मुख्य प्रवाहात मिसळले आणि आयन कर्नलमधून निघून गेले.

ताबा आता चार उपकरणांत फिरू लागला, तेव्हा एकाचे काम संपले हे दुसऱ्याला कळण्याचाही प्रश्न आला. ग्राफिक्सच्या जगात यासाठी फेन्स आहेत: काम संपण्याआधीच बफर पुढे द्यायचा आणि सोबत, हे काम पुरे झाले की उघडेल असे एक वचन द्यायचे. व्ही-फोर-एल-टूने ही वाट घेतली नाही. तेथे डीक्यूबफमधून बाहेर पडलेला बफर पुरा झालेलाच असतो. २०१७ च्या सुमारास फेन्स आणण्याचे प्रस्ताव आले होते, पण ते मुख्य कर्नलमध्ये दाखल झाले नाहीत. त्यामागे खरी अडचण आहे. डिकोडरमध्ये फ्रेम ज्या क्रमाने उलगडतात त्या क्रमाने दाखवायच्या नसतात. पुढे कोणता बफर बाहेर येईल हे आधी सांगता येत नाही, मग वचन कोणत्या बफराचे द्यायचे? थोडा वेळ वाया गेला तरी चालेल, पण हाती आलेला बफर नक्की पुरा असावा, ही व्ही-फोर-एल-टूची भूमिका कॅमेरा आणि डिकोडर यांच्यापुरती शहाणपणाची आहे.

डिकोडरच्या बफरांची आणखी एक तऱ्हा सांगितली पाहिजे. एच.२६४ ही व्हिडिओ दाबण्याची पद्धत चित्राचे १६ बाय १६ बिंदूंचे चौकोन करते. १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून डिकोडर ६८ चौकोनांच्या हिशोबाने १,०८८ ओळी लिहितो. बफर तेवढा मोठा हवा आणि ॲप्लिकेशनने खालच्या आठ ओळी कापून दाखवायला हव्यात. कापल्या नाहीत तर चित्राच्या तळाशी एक पट्टी दिसते, आणि ती पुष्कळदा हिरवी असते, कारण एनव्ही१२सारख्या मांडणीत सगळ्या किमती शून्य असल्या की रंग हिरवा येतो. हीच गोष्ट आडव्या दिशेने: उपकरणाला प्रत्येक ओळ ठरावीक पटीच्या पत्त्यावर सुरू व्हायला हवी असते, त्यामुळे ओळीच्या शेवटी काही बाइट मोकळे राहतात. ओळीची लांबी रुंदीवरून गृहीत न धरता ड्रायव्हर सांगेल तीच घ्यावी. नाहीतर चित्र तिरपे वाहत जाते. डिकोडरला आधीच्या फ्रेम संदर्भासाठी लागतात, एच.२६४ मध्ये १६ पर्यंत. म्हणजे दाखवून झालेला बफरही लगेच मोकळा होत नाही, त्याच्यावर डिकोडरचा हक्क राहतो. जिथे हा संदर्भांचा हिशोब चिप ठेवत नाही, तिथे प्रत्येक फ्रेमसोबत तिच्या सूचना बांधून पाठवाव्या लागतात. त्यासाठी २०१८ मध्ये ४.२० आवृत्तीत रिक्वेस्ट एपीआय आला. एका रांगेत ३२ पेक्षा जास्त बफर नाहीत ही जुनी मर्यादा अशाच गरजांपुढे अलीकडे सैल करावी लागली. ३२ बफर फोर-के एनव्ही१२चे धरले तर ३९ कोटी ८१ लाख बाइट होतात, तेव्हा सैल करतानाही हात आखडता हवाच.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय हार्डवेअरशिवाय शिकता येत नाही असे वाटते, ते खरे नाही. ज्या विविडमध्ये तो दोष सापडला तोच ड्रायव्हर आज दुरुस्त होऊन कर्नलमध्ये आहे. लिनक्स वितरणासोबत हे मॉड्यूल आलेले असेल, तर ते चढवले की खोटा कॅमेरा हजर होतो, आणि व्ही-फोर-एल-टू-सीटीएल या साधनाने बफर मागता, रांगेत लावता आणि काढता येतात. बफरांची संख्या दोनवर आणावी, ॲप्लिकेशनमध्ये मुद्दाम उशीर घालावा आणि अनुक्रमांक कोठे तुटतो ते पाहावे. मग कोड उघडून स्टॉप-स्ट्रीमिंगचे फंक्शन आधी वाचावे आणि स्टार्ट-स्ट्रीमिंगचे नंतर.